पीळ, गाठ आणि मृणालिनी मुखर्जी

प्रश्न : शिल्पकार मृणालिनी मुखर्जी यांच्या दिल्लीतील सिंहावलोकनी प्रदर्शनाविषयीचे (म्हणजे आजवरचे सारे काम एकत्र मांडणाऱ्या प्रदर्शनाविषयीचे) पुस्तक माझ्या पुतण्याने आणून दिले. त्यातील माणसाहून उंच आकृती दोरांना गाठी मारून घडवल्या आहेत हे वाचून मी चक्रावलो. आमच्या लहानपणी बेंदराच्या आधी घायपाताचा वाख काढून कासरे, म्होरक्या, मुसक्या करणारी कुटुंबे गावात होती. त्यांना कोणी कधी शिल्पकार म्हटले नाही. मग हे शिल्प कसे, आणि ही हस्तकला का नव्हे?
— एक निवृत्त शिक्षक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : आपल्या प्रश्नातली बोच रास्त आहे. मुसकी गाठींचीच असते, शिंकेही गाठींचेच असते, आणि बैलाच्या तोंडाचा गोलावा नुसत्या बोटांच्या अंदाजाने जाळीत उतरवणाऱ्या माणसाला आकार कळतो याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. हाताच्या कसबात दोघांत फरक करता येईल असे मला वाटत नाही. फरक आहे तो असा की मुसकीचा आकार बैलाने आधीच ठरवून दिलेला असतो, तर मुखर्जी यांच्या आकृतीला असा कोणी बैल नसतो. त्या आधी रेखाचित्र करीत नसत, लहान नमुनाही करीत नसत. बाजारातून आणलेला दोर रंगवून धातूच्या सांगाड्याच्या आधाराने गाठीमागून गाठ घालत जायचे आणि आकार कुठे वळतो, कुठे फुगतो, कुठे लोंबतो हे काम चालू असतानाच ठरवायचे, अशी त्यांची रीत होती. एकेका आकृतीला कित्येक महिने लागत.

(त्यांच्या दोराला इंग्रजी लेखनात ‘हेम्प’ म्हणतात. आपण ढोबळपणे ताग म्हणू. उसाच्या आधी हिरवळीच्या खतासाठी आपल्याकडे जो पेरतात, त्याच्या सालीचाही दोर होतो.)

कला आणि कारागिरी यांच्यामधली भिंत त्यांच्या शिक्षणातच पातळ होती. 1949 साली मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी या चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी आणि शिल्पकार लीला मुखर्जी यांच्या कन्या. वडिलांची दृष्टी पन्नाशीत गेली आणि त्यानंतरही ते काम करीत राहिले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्या आधी चित्रकला आणि मग के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे भित्तिचित्रण शिकल्या. विणकर, कुंभार, खेळणी करणारे यांच्या कामाकडे सुब्रमण्यन केवळ कौतुकाने पाहत नसत, तर त्यातून शिकावे असे विद्यार्थ्यांना सांगत. 1970च्या दशकाच्या आरंभी मृणालिनींनी दोर हाती घेतला तो या वातावरणात. तरीही आपल्या शंकेचा एक भाग शिल्लक उरतो, तो मी झाकू इच्छित नाही : ज्याने वाख काढला त्याचे नाव कुठेच लागत नाही आणि ज्याने तो दिल्लीच्या दालनात उभा केला त्याचे लागते. हा हिशेब मुखर्जी यांनी तयार केलेला नाही, पण त्यांच्या शिल्पांपुढे उभे राहताना तो आठवला तर बिघडत नाही.

आता सिंहावलोकनी प्रदर्शनाविषयी, कारण अशा कलावंताला समजून घ्यायला तेच उपयोगी पडते. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे जयपूर हाउसमध्ये, जानेवारी 2015 मध्ये पीटर नॅगी यांनी मांडलेले हे प्रदर्शन सुरू झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, 2 फेब्रुवारीला, मृणालिनी गेल्या. पुढे 2019 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन केले. एखादे दोरशिल्प एकटे पाहिले तर लक्ष सामग्रीच्या नवलाईतच अडकते आणि ‘अरे, हा तर दोर!’ यापुढे पाहणारा जात नाही. चाळीस वर्षांचे काम एकत्र पाहिले की मात्र नवलाई ओसरते. कारण दोर हे त्यांचे एकमेव माध्यम नव्हते. 1990च्या दशकाच्या मध्यावर नेदरलँड्समधील सिरॅमिक केंद्रात राहून त्यांनी भाजलेल्या मातीत काम केले आणि नंतरच्या वर्षांत त्या ब्राँझकडे वळल्या. माध्यमे तीन झाली, पण दोरात जी घडी एकीवर एक दुमडत, ओठासारखी, पाकळीसारखी उलगडत होती, तीच मातीत आणि मग मेणावरून ओतलेल्या धातूत पुन्हा दिसते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही आपली म्हण कुचेष्टेची आहे खरी. इथे ती मी कौतुकाने वापरतो.

माझे मत विचाराल तर दोरातली कामेच सर्वांत ताकदीची आहेत. ब्राँझची कामे देखणी आहेत, पण ‘यक्षी’ (1984) किंवा ‘वनश्री’ (1994) यांच्यात स्वतःच्या वजनाने खाली ओढले जाण्याचा आणि तरी ताठ राहण्याचा जो झगडा आहे, तो धातूला करावाच लागत नाही. नावे देवतांची असली तरी ही शिल्पे मूर्तिशास्त्राच्या नियमांनी बांधलेली नाहीत. देवळातल्या घडीव मूर्तीपेक्षा शिवेवरच्या शेंदूर माखलेल्या म्हसोबाशी त्यांचे नाते मला जवळचे वाटते.

प्रश्न : दोर किती वर्षे टिकणार? दगडाची शिल्पे हजार वर्षे राहतात.
— एक वाचक, वाई

उत्तर : दगडाइतका नाही, हे उघड आहे. प्रकाशाने रंग उडतो, दमट हवेत तंतूला बुरशी आणि कीड लागते, गाठींच्या बेचक्यांत धूळ बसते आणि वजनाने घड्या हळूहळू खाली उतरतात. म्हणून संग्रहालयात प्रकाश मंद ठेवतात, हवेतला ओलावा सांभाळतात आणि हलवताना आकृतीचा भार एका जागी येऊ देत नाहीत. आपल्या आजीची पैठणी जपायची रीत आणि ही रीत यांत फार अंतर नाही.

प्रश्न : शाळेतल्या मुलांना असे काही दाखवायचे तर दिल्लीला नेणे शक्य नाही. जवळ काय आहे?
— एक कलाशिक्षिका, कराड

उत्तर : मुखर्जी यांचे काम जवळपास दाखवता येणार नाही, पण डोळा तयार करायला सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली यमाईच्या डोंगरावर उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे माता आणि बालकाचे लहानसे दगडी शिल्प आहे. ते पाहताना नाकडोळे न शोधता पोकळी आणि फुगवटा शोधायला सांगा. दुसरा दिवस मिरजेत, सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत घालवा. वाळवलेल्या भोपळ्याची जी गोलाई शेतात ठरलेली असते, तिच्याशी जुळवून घेत लाकूड कसे तासतात, हे मुलांनी कारागिराच्या शेजारी बसून बघावे. त्यानंतर वर्गात प्रत्येकाला दहा हात सुतळी द्या, एकच गाठ शिकवा, आणि काय करायचे ते मात्र सांगू नका.