सिंथ नंतर, आधी हेडफोन घे भावा

तुझं म्हणणं असं की घरी कॅसिओ आहे, चार जीबीचा जुना लॅपटॉप आहे, तीस हजार जमलेत आणि आता पहिला सिंथ, म्हणजे विजेवर आवाज घडवायचं वाद्य, मायक्रोफ्रीक घ्यावा का व्होल्का. परभणीत दोन्हीला हात लावून बघता येत नाही म्हणून विचारायलास, चांगलं केलंस.

माझं ऐकशील तर पहिले दोन महिने सिंथ घेऊच नको. कॅसिओच्या मागं बघ, प्रिंटरला असतं तसलं चौकोनी यूएसबी असलं तर मिडी कीबोर्ड, म्हणजे कुठली पट्टी दाबली ते लॅपटॉपला कळवणारा, तुझ्या घरातच आहे. गोल पाच पिनांचं असलं तरी चालतंय, ते १९८३ पासून तसंच चालत आलंय, फक्त एक मिडी-यूएसबी केबल लागती. लॅपटॉपवर सर्ज एक्सटी टाक, सॉफ्टवेअरमधलाच सिंथ आहे, फुकट आहे. व्हायटल पण फुकटच, पण तुझ्या मशीनला जड जाईल.

मग त्यात एक सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यासारखी लहर, आवाज कडक येतो) लाव, एक सूर दाबून धर अन् लो-पास फिल्टरचा, म्हणजे वरचे तीक्ष्ण स्वर गाळणाऱ्या चाळणीचा, कटऑफ (गाळायची हद्द) हळूहळू खाली आण, कुणीतरी अंगावर वाकळ घेऊन बोलायलंय असा आवाज होतो बघ. आता रेझोनन्स (त्या हद्दीपाशीचा आवाज उठवणारं बटण) वाढव आणि कटऑफ परत वर ने, त्याच सुरातून शिट्टीसारखं काहीतरी वर चढत जातं. हे कानात बसलं की कुठलाबी सिंथ समोर आला तरी तुला त्यातलं निम्मं आधीच येत असतंय.

पैसे घाल ते दोन इनपुटच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये (लॅपटॉपला बाहेरून जोडायचा साउंडचा डबा) आणि चांगल्या क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद असलेल्या, हेडफोनमध्ये. लॅपटॉपच्या आतल्या साउंडवर पट्टी दाबली की आवाज उशिरा येतो, वाजवायची मजाच जाते. ४४.१ किलोहर्ट्झला बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी साठवून मग वाजवतो तो आवाजाचा तुकडा, ५१२ ठेवला तर त्यातच जवळजवळ १२ मिलिसेकंद जातात, १२८ ला तीनच. ज्याचा हात तबल्यावर बसलाय त्याला हा फरक लगेच कळतो. स्पीकर सध्या राहू दे, पत्र्याच्या खोलीत बास कसा आहे ते कळतच नाही.

उरलेल्या पैशात मी व्होल्का कीज घेईन. तीनच सूर एका वेळी, पण खरा अ‍ॅनालॉग, म्हणजे आवाज कॉम्प्युटरच्या हिशोबानं नाही तर थेट सर्किटमधून निघतो, आणि सहा पेन्सिल सेलवर चालतो म्हणजे लाईट गेली तरी तुझं काम चालूच. मायक्रोफ्रीक आवाजात लई पुढं आहे, मला मनापासून आवडतो, पण त्याच्या पट्ट्या दबत नाहीत, सपाट प्लेटवर नुसतं बोट टेकवायचं असतंय, पेटीवर हात बसलेल्याला ते जमायला वेळ लागतो. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीच्या तीन मशीनवर रागांची अख्खी रेकॉर्ड केली, त्यामुळं सामान कमी आहे म्हणून अडू नको.

आणि सेकंडहँड घेतलास तर अ‍ॅडॉप्टरवरचं गोल चिन्ह बघूनच लाव, मधल्या ठिपक्याला प्लस आहे का मायनस. मला दुकानदारानं नऊ व्होल्टचा दिला, पिन बरोबर बसली, पण पोलॅरिटी उलटी निघाली, माझा पहिला सिंथ तिथंच गेला. अजून जीव हळहळतो. हेडफोनमध्ये गुंई आवाज आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघ, बऱ्याचदा तिथंच थांबतंय, मग घरातलं अर्थिंग तपासून घे.

कॅसिओचा मॉडेल नंबर खालच्या बाजूला स्टिकरवर असतो, तेवढा सांग, मग केबल कुठली लागंल ते बघू.