मॉरिशस नेमका कुणाचा देश?

प्रश्न : मुलगी आणि जावई फिरायला मॉरिशसला चाललेत. तिकडं गणपतीला सरकारी सुट्टी असते म्हणे. आमच्या गल्लीत सगळे त्याला मिनी इंडियाच म्हणतात. आपली मराठी माणसं तिथं कशी पोचली?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : काका, सुट्टीचं खरं आहे, पण मिनी इंडिया म्हणू नका, का ते सांगतो. त्या बेटावर मुळात माणूसच नव्हता. १६३८ला डच राहायला आले, त्यांनीच जावाहून ऊस आणला आणि मादागास्करहून गुलाम, मग १७१०ला सगळं सोडून निघून गेले. पुढं फ्रेंच आले आणि त्यांनी मादागास्कर, मोझांबिककडून हजारो माणसं गुलाम म्हणून आणली, पाँडिचेरीकडचे तमिळ कारागीरही तेव्हाच आले.

१८१०ला बेट इंग्रजांकडं गेलं. १८३५ला गुलामगिरी बंद झाली पण भरपाई मिळाली मालकांना, ज्यांनी आयुष्यभर राबून दिलं त्यांच्या हातात काहीच नाही, वर मालकाकडंच आणखी काही वर्षं 'उमेदवारी', म्हणजे शिकाऊ म्हणून राबायची सक्ती! याचा मला आजही संताप येतो. आणि मळ्यांना तर स्वस्तात माणसं हवीच होती (ऊसतोड म्हणजे काय ते आपल्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको) म्हणून १८३४पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झालेली. हे गिरमिटिये, जवळजवळ साडेचार लाख. बहुतेक बिहारकडचे भोजपुरी, काही तमिळ-तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले, त्यात रत्नागिरीकडचे कोकणी बरेच. मागून चिनी व्यापारी आले, दुकानं टाकून बसले.

आज तिथं भारतीय वंशाचे लोक जास्त आहेत हे बरोबर, पण घरात, बाजारात सर्रास चालते ती क्रिओल, आणि ती गुलामांच्या काळात तयार झालेली भाषा आहे. मिनी इंडिया म्हटलं की नेमकी त्या गुलामांच्या वंशातली माणसं चित्रातून गायब होतात, आणि तो ऊस सगळ्यात आधी त्यांच्याच पूर्वजांनी तोडलाय.

मुलीला सांगा, पोर्ट लुईचा आप्रवासी घाट बघाच, आपले मजूर तिथंच उतरायचे, पण ले मॉर्न डोंगरही चुकवू नका, पळालेले गुलाम तिथं लपायचे. दोन्ही जागा जागतिक वारशात आहेत, घाट २००६ला आणि डोंगर २००८ला गेला. या इतिहासाच्या सरकारी सुट्ट्याही दोन आहेत, १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची आणि २ नोव्हेंबरला गिरमिटिये आल्याची.