पंचविशीच्या आत भाड्याची गाडी

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांची आहे. भाड्याच्या गाडीसाठी माझ्याकडून जादा पैसे मागतात. दादाच्या नावावर गाडी घेऊन मीच चालवली तर?

उत्तर : तसं अजिबात करू नकोस गं. करारात नाव नसलेल्या चालकाच्या हातून अपघात झाला, तर विमा कंपनी सहसा हात वर करते आणि सगळी भरपाई दादाच्या गळ्यात पडते. पंचविशीच्या आतल्यांचे अपघात जास्त होतात, म्हणून गाडी भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्या रोजचा अधिभार लावतात. जपून चालवणाऱ्या मुलींनाही तो सरसकट लावणं मला अन्यायाचं वाटतं. पण अतिरिक्त चालक म्हणून नाव घातलंस, तरी तो बहुधा लागतोच. लहान गाडी घे. अनामत किती अडकेल, नुकसानीत स्वतःचे किती भरावे लागतील, हे सही करण्याआधी विचार. ताबा घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढ, चाकांचासुद्धा.