सोरायसिस आणि पथ्य: गहू बंद करण्याआधी हे वाचा

ताई, दही, वांगं, टोमॅटो, मासे सगळं सोडूनही कोपरांवरचे चट्टे वाढतायत आणि आता गहूही बंद करायला सांगितलाय, हे तुम्ही लिहिलेलं वाचून राहवलं नाही. मीही सोरायसिसचाच पेशंट आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचं तुमच्या स्किनच्या डॉक्टरांनाच विचारा.

गहू लगेच सोडू नका. अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या २०१८ च्या शिफारशींत ग्लुटेन (गव्हातलं एक प्रथिन) फक्त त्यांनाच बंद करायला सांगितलंय, ज्यांच्या रक्तात ते सोसत नसल्याच्या खुणा सापडतात. म्हणजे आधी रक्ततपासणी. पोळी आधीच बंद केलीत तर रिपोर्ट चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो. त्यांचा ठाम सल्ला आहे तो वजनाचा: जास्त असेल तर उतरवा. माझं उतरलं तसे खवले पातळ झाले, अर्थात औषध चालू ठेवूनच.

माझं खरं नुकसान झालं ते पथ्याच्या छापील यादीमुळे. नाव घेत नाही, पण त्या दवाखान्यात दर वेळी एकच प्रश्न, "काय खाल्लंत?" सकाळी बोटं आखडतात, चहाचा कप धरवत नाही, तासाभराने हात मोकळा होतो, हे सांगितलं तर "आंबट खाल्लं असेल" म्हणून यादीत चिंच आणि कोकम वाढलं! नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते, ते कुणी पाहिलेसुद्धा नाहीत. पेशंटच्या ताटाला दोष दिला की त्याचा हात हातात घेऊन बघावा लागत नाही. शेवटी सांध्यांच्या डॉक्टरांनी आधी नखं पाहिली आणि सोरायटिक आर्थ्रायटिसचं, म्हणजे सोरायसिससोबत येणाऱ्या सांधेदुखीच्या आजाराचं, निदान केलं. तोवर मधलं बोट वाकडं झालं होतं. ते आता सरळ होत नाही. याचा राग अजून जात नाही.

म्हणून तुम्ही आजच नखं उजेडात धरून बघा. खड्डे असतील, टाच दुखत असेल, एखादं बोट पूर्ण सुजत असेल तर सांध्यांच्या डॉक्टरांकडे जायला थांबू नका. (आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा आणि खवले ओढून काढू नका. नव्या जखमेवरही चट्टा उठतो.)

दारूबद्दल मात्र मी कडक आहे, घरात कुणी मेथोट्रेक्सेट (सोरायसिसवर देतात ते एक औषध) घेत असेल तर जास्तच, कारण लिव्हरवर दुहेरी भार येतो. बाकी बांगडा, तारली सोडायचं मला काही कारण दिसत नाही, अ‍ॅलर्जी नसेल तर. एखाद्या पदार्थाचा संशय असलाच तर तो एकटाच काही आठवडे बंद करून बघा, फरक नाही पडला तर परत ताटात घ्या.