सून ओकत होती, सासू हसत होती

"आईला भीती वाटत नाही, मॅडम. त्याचंच काय ते बघा," असं फोनवर सांगून उद्यमबागेतल्या एका कारखानदारानं वेळ घेतली. बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत भीती घेऊन येणारे पुष्कळ. कुणाला परीक्षेची, कुणाला लिफ्टची, कुणाला चोर्ला घाटातल्या वळणांची. भीती नाही म्हणून आईला घेऊन येणारा मुलगा विरळा.

ओळख पटू नये एवढे तपशील बदलून आणि काकूंना विचारूनच हे लिहितेय. "नाव घातलं तरी चालतंय की," असं त्या म्हणाल्या होत्या. मीच घातलेलं नाही. काकू निपाणीच्या, वय ६४. यजमानांची तंबाखूची वखार होती. ते गेल्यावर वखार विकली आणि काकू बेळगावला मुलाकडे राहायला आल्या. मे महिन्याच्या अखेरीस मुलानं सगळ्यांना क्रूझवर नेलं, मुंबईहून लक्षद्वीपला.

पहिला दिवस फोटोंत गेला. दुसऱ्या रात्री वारा वाढला. सकाळी कप्तानानं सांगितलं की बेटावर उतरणं रद्द. तिथं एवढं मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, लहान होड्यांतून उतरावं लागतं, आणि तशा लाटांत माणसं होडीत चढवणं-उतरवणं धोक्याचं. बाहेरचे डेक बंद झाले, पोहण्याच्या तलावावर जाळी पडली, जिन्यांच्या कठड्यांना ओकारीसाठी कागदी पिशव्या खोचल्या गेल्या. सून आडवी, नातू आडवा, मुलगा न्हाणीघराच्या दारात बसलेला. काकूंनी नातवाला लिंबू-मीठ चाटवलं, सुनेची बादली दोनदा धुतली आणि नाश्त्याला गेल्या.

पुढचं त्यांच्याच तोंडून ऐका. "टेबलावरची कापडं पाणी मारून ओली केलेली, ताटं घसरू नयेत म्हणून. एवढा मोठा हॉल, सगळा रिकामा. मी, तीन-चार म्हातारे आणि वाढपी. सांबार वाटीत एकदा इकडं चढतंय, एकदा तिकडं. मी इडली बुडवायला गेले की सांबार पळतंय. मला जे हसू फुटलं मॅडम, वाढपीपण हसायला लागला. मग खिडकीशी जाऊन बसले. लाट आली की खिडकीत नुसतं पाणी, मग नुसतं आभाळ. पोटात असा गोळा यायचा, आणि परत यावा असं वाटायचं."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर प्रकरण माझ्यापर्यंत आलं नसतं. खिडकीतून भागेना म्हणून त्यांनी बाहेरच्या मार्गिकेच्या दाराला लावलेली पट्टी उचलली आणि दार ढकललं. आईला शोधत भिंती धरत आलेल्या मुलानं त्यांना उंबऱ्यावरच गाठलं. पदर वाऱ्यावर, चेहरा खाऱ्या पाण्यानं ओला आणि हसरा. "आई, तू काय करूलालीस इथं?" असं तो ओरडला. त्यानंतर मुंबईपर्यंत, आणि मुंबईपासून बेळगावपर्यंत, घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. त्यात काकूंनी घरी येऊन आठ दिवस होतात न होतात तोच विचारलं, "परत कधी जायचं?"

मुलाचा प्रश्न सरळ होता. ह्या वयात अचानक असं वागणं म्हणजे डोक्यात काही बिघाड तर नाही? त्याला बाहेर बसवल्यावर काकूंनी वेगळाच प्रश्न काढला. "हे गेल्यापासून मी पोट धरून हसले नव्हते. हसले ते कधी, तर सून ओकत असताना. मी वाईट बाई आहे का हो?"

हा दुसरा प्रश्न माझ्याकडे नाना रूपांनी येतो. आजारी सासऱ्यांना दवाखान्यात ठेवून आलेली सून कॅन्टीनमध्ये मैत्रिणीच्या विनोदावर हसते आणि रात्रभर स्वतःला खाते. बाराव्याच्या जेवणाला बसलेल्या भावंडांना जुन्या आठवणीनं हसू आवरत नाही, मग महिनाभर टोचणी. समुद्र ह्या सगळ्यात नवा, एवढंच.

पण आधी मुलाचं. त्याची शंका मी हसण्यावारी नेली नाही आणि कुणी नेऊही नये. उतारवयात माणूस अचानक बेधडक वागू लागला, पैसे उधळू लागला, झोप दोन-तीन तासांवर आली तरी ताजातवाना राहू लागला, चारचौघांत नको ते बोलू लागला, तर तो मनाचा किंवा मेंदूचा आजार असू शकतो. मग डॉक्टरकडे जायलाच हवं. म्हणून झोप, खर्च, विसरभोळेपणा, तोल जाणं हे सगळं विचारलं. कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट... किती खाली जायचं सांगा, शून्यापर्यंत येत नाही हे," असं म्हणून त्यांनी माझीच परीक्षा घेतली. तंबाखूची पोती मोजण्यात आयुष्य गेलेलं. शिवाय हे वागणं अचानकही नव्हतं. तरुणपणी निपाणीहून आंबोलीला जाताना त्या एसटीत मागच्या बाकावर बसायच्या, कारण तिथं जास्त उसळायला मिळतं. उरुसात मोठ्या पाळण्यात बसायला घरात कुणी तयार नसायचं, तेव्हा यजमानांकडून चार आणे घेऊन एकट्या बसून यायच्या. माणूस बदललेलं नव्हतं. त्याला बरीच वर्षं पाळणा मिळाला नव्हता.

मग बाकीचे आडवे आणि ह्या उभ्या, असं का? आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारं इंद्रिय असतं. बंद खोलीत कान सांगतो की आपण हलतोय, डोळे सांगतात की भिंत जागेवर आहे. दोघांची गोष्ट जुळत नाही आणि पोट ढवळतं. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त, बायकांना पुरुषांपेक्षा जास्त, अर्धशिशी असलेल्यांना आणखी जास्त. वय वाढेल तसा बहुतेकांत तो कमी होतो. नातू नऊ वर्षांचा, सुनेला अर्धशिशी, दोघं बंद खोलीत, हातात मोबाईल. काकू साठीच्या पुढच्या, पोटात इडली आणि नजर क्षितिजावर. ह्यात कुणाचं धैर्य नाही की कुणाचा दुबळेपणा. हे मी काकूंनाही बजावलं, कारण "आजकालच्या पोरींना काही सोसत नाही" हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं दिसत होतं.

त्रास न होणं वेगळं आणि मजा येणं वेगळं. त्यासाठी मी त्यांना फुगडीबद्दल विचारलं. नागपंचमीला झाडाला दोर बांधून उंच झोका घ्यायचा, फुगडी घालताना डोकं गरगरेपर्यंत फिरायचं, ह्यात मजा कसली? "गरगरण्याचीच की!" आणि समोरच्या बाईनं हात सोडला तर? "मग मजा कसली, पडायचंच." ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मायकेल ॲप्टर ह्यांनी मांडलेली संरक्षक चौकटीची कल्पना काकूंनी अशी दोन वाक्यांत सांगून टाकली. छाती धडधडणं, पोटात गोळा, अंगावर काटा ही शरीराची लक्षणं भीतीत आणि उल्हासात जवळपास तीच असतात. भोवती भरवशाची चौकट आहे असं मनाला वाटलं तर त्याच धडधडीला आपण मजा म्हणतो. चौकट नाही असं वाटलं की तीच धडधड भीती होते. काकूंना जहाजाचा भरवसा वाटला, मुलाला वाटला नाही. लाटा दोघांना सारख्याच लागत होत्या.

म्हणूनच "घाबरू नकोस, मजा घे" ह्या सल्ल्याचा कुणाला उपयोग झालेला मी पाहिलेला नाही. मजा अशी हुकमानं येत नाही. फार तर चौकट पक्की करता येते.

मुलगा पुढच्या खेपेला एकटा आला. त्याच्या मनात रामदास बोट होती. आजोळ रेवदंड्याकडचं, आजीकडून ऐकलेलं. १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट भर पावसात उलटली आणि ६००हून अधिक माणसं गेली. मोठी लाट आली, माणसं घाबरून एका बाजूला धावली, बोट कलंडली. लहानपणी ऐकलेलं असं काही आत बसतं आणि चाळीस वर्षांनी केबिनमध्ये उठून उभं राहतं. मी त्याची समजूत घालत बसले नाही. फौंड्रीवाला माणूस, वजन आणि तोल त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतो. "एवढं उंच जहाज कलंडत का नाही, ते मला समजावून सांगा," असं म्हणून त्याला घरी पाठवलं.

तो वाचून आला आणि कागदावर काढून दाखवू लागला. इंजिनं, इंधन, पाण्याच्या टाक्या असं जड सगळं तळाशी. वरचे मजले त्या मानानं हलके. त्यामुळे तळाला शिसं भरलेल्या डोलणाऱ्या बाहुलीसारखं ते कललं की परत उभं राहायलाच बघतं. पाण्याखाली दोन्ही बाजूंना विमानासारखे पंख असतात, जहाज एका अंगाला कलू लागलं की ते कोन बदलून उलट रेटा देतात. त्यानं आडवं डोलणं पुष्कळ कमी होतं. पुढचं टोक वर-खाली होणं मात्र त्यांनी फारसं आवरत नाही. टायटॅनिक १९१२ला बुडाल्यावर १९१४ साली सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आजचा १९७४चा त्याच परंपरेतला. जहाज सुटायच्या वेळी प्रवाशांना गोळा करून जीवरक्षक जाकिटं दाखवतात, ती त्यातलीच सक्ती. "तेव्हा मी फोनवर होतो," तो म्हणाला. सांगता सांगता त्याचा आवाज बदलला होता. त्याला समुद्र आवडू लागला असं नाही. जहाजाचं डोलणं म्हणजे बुडण्याची सुरुवात नव्हे, एवढं त्याच्या हिशेबात बसलं.

सुनेला बोलावल्यावर खरी गाठ सापडली. तिला वाटत होतं सासूबाई तिला हसल्या. केबिनचं दार उघडं होतं आणि काकू परत येताना सांबाराची गोष्ट कुणाला तरी सांगत हसत होत्या, ते तिनं ऐकलं. "बादली धुतली, ते मान्य आहे. पण मला कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं. हे दारात बसून स्वतःच घाबरलेले, आणि आई नाश्त्याला." काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, ओकणाऱ्या माणसाला एकटं सोडावं. मला कुणी बघितलेलं आवडत नाही." दोघी आपापल्या स्वभावावरून दुसरीचं ठरवत होत्या. घराघरांत हेच चालतं, त्याला समुद्र लागत नाही.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मी सुनेसमोरच दिलं. तुम्हाला हसू आलं ते सुनेच्या ओकाऱ्यांचं नव्हतं, पळणाऱ्या सांबाराचं होतं. एकाच वेळी घरात एकाला त्रास आणि दुसऱ्याला आनंद असू शकतो. आनंद झाला म्हणून माया कमी होत नाही. यजमान गेल्यावरचं पहिलं हसू कुठं फुटावं, हे कुणी ठरवून घेत नाही. पण पट्टी उचललीत ती चूकच. तिथं जहाजाची चौकट संपते. वादळी दिवशी जहाजावर म्हाताऱ्या माणसाला मोठा धोका असतो तो पडण्याचा, नि जड दारात बोटं सापडण्याचा. साठीनंतर खुब्याचं हाड मोडलं तर सहा महिने पाळणाही नाही आणि जहाजही नाही. काकूंनी कान पकडले.

सुनेसाठी साधं सांगितलं. गोळी उलटी सुरू व्हायच्या आधी घ्यायची, नंतर ती पोटात टिकत नाही. कोणती, ते डॉक्टरांना विचारून, कारण बहुतेक गोळ्यांनी झोप येते आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना काही चालत नाहीत. खोली खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर घ्यायची, तिथं हालचाल सर्वांत कमी. मोबाईल बाजूला, नजर क्षितिजावर, पोट अगदी रिकामं नाही आणि तुडुंबही नाही. आलेपाकाची वडी जवळ असू दे. एक-दोन दिवसांत बहुतेकांचं शरीर सरावतं. आणि जायचंच नसेल तर जाऊ नये. लाटा आवडल्याच पाहिजेत असं कुठं लिहिलंय?

सून जाणार नाही असं ठरलं, तेही भांडण न होता. काकू धाकट्या नणंदेबरोबर जाणार, मुलगा तिकीट काढून देणार, अट एकच, बंद दाराला हात लावायचा नाही. "मग जुलैतच जाते," काकू म्हणाल्या. मुलानंच सांगितलं की पावसाळ्यात मुंबईहून क्रूझ सुटत नाहीत. १ जून ते ३१ जुलै तर पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. दिवाळीनंतरचं तिकीट निघालं. त्या दिवसांत समुद्र निवलेला असणार, ह्यावर काकूंचा थोडा विरस झाला. पण त्यांनी त्यातूनही वाट काढली. खडेबाजारातल्या एजंटाकडे जाऊन त्यांनी अगदी पुढच्या टोकाची खोली मागितली. एजंटानं मुलाला फोन केला: "साहेब, सगळे मधली मागतात. तुमच्या आईंना जिथं जास्त हलतं तीच पाहिजे म्हणतात. देऊ का?"

"द्या की," मुलगा म्हणाला.