गाणं बटाईनं दे, पोरी

पोरी,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज काल रात्री ऐकला. शेवटी तू विचारलंस, "नाना, त्या चॅनलवाल्याले मी कसाले नही म्हनू?" फोनवर उत्तर द्यायला गेलो असतो तर आवाज चढला असता. माझ्या घरच्यांना तो सवयीचा आहे, तुला नाही. म्हणून लिहितोय.

तू छान गातेस वगैरे मी लिहिणार नाही. ते तुला ठाऊक आहे. ठाऊक नसतं तर गिटार घेऊन अहिराणीत गायला बसली नसतीस, तेही अख्खा तालुका डीजेवर नाचत असताना.

तू पाठवलेलं त्याचं करारपत्र वाचलं. दोनच पानं, पण हुशार माणसानं लिहिलेली. एकरकमी २५,००० रुपये. त्याबदल्यात शब्द, चाल, आवाज, रेकॉर्डिंग, सगळ्याचे सगळे हक्क, कायमचे, जगभरासाठी, आज असलेल्या आणि पुढं येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी. वर त्याला वाटेल तसे बदल करायची मुभा. म्हणजे तुझं ते संथ, विहिरीवरच्या बाईचं गाणं तो दुप्पट लयीत नेणार, खाली ठेका टाकणार आणि हळदीत वाजवणार. हळदीशी माझं भांडण नाही. मीही नाचलोय, गुडघे होते तोवर. भांडण त्या "कायमचे" शब्दाशी आहे.

माझं म्हणणं एकच, आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळलीस तरी: गाणं बटाईनं दे, खरेदीखत करून देऊ नको.

तुझ्या घरी वावर आहे, तुला काय समजवायचं? बटाईनं दिलं की दुसरा राबतो, बी घालतो, फवारतो, कापूस निघाला की निम्मा तुमच्या घरी येतो आणि सातबाऱ्यावर नाव तुमचंच राहतं. खरेदीखत झालं की आपल्याच बांधावर उभं राहायला विचारावं लागतं. चॅनलवाला राबणार असेल तर राबू दे की. व्हिडिओ करू दे, पैसे लावू दे, त्याचा वाटा त्याला मिळू दे. मालकी कशाला?

हे म्हाताऱ्याचं खूळ समजू नकोस. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क सोडूनच देता येत नाही. ज्याला गाणं दिलं त्याच्याबरोबर समसमान वाटा. हा हक्क फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे जाऊ शकतो. निम्मी बटाई कायद्यानंच लिहून ठेवली आहे! दुसऱ्या पानावर "रॉयल्टीवर कोणताही दावा राहणार नाही" अशी ओळ आहे, ती कायद्यापुढं टिकणारी नाही. पण टिकणार नाही म्हणून बिनधास्त सही ठोकू नकोस. ती टिकत नाही हे सिद्ध करायला कोर्टाच्या चकरा तुला माराव्या लागतील, त्याला नाही.

आणखी बघ. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आता कळलं त्यानं "कायमचे" आणि "जगभर" एवढ्या आठवणीनं का लिहिलंय ते?

तू एकटी नाहीस, एका अंगात तिघी आहेस. शब्द लिहिणारी, चाल बांधणारी आणि गाणारी. तिघींचे हक्क वेगवेगळे आहेत आणि त्यानं तिघींना एका किमतीत उचललंय. चौथी गोष्ट रेकॉर्डिंगची. ज्यानं पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो निर्माता, ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याचा, प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. तुझं पहिलं रेकॉर्डिंग तू स्वतःच्या पैशानं, मित्राच्या खोलीत, खिडकीला गोधडी लावून केलंस. आज ते तुझं आहे. उद्या त्याच्या स्टुडिओत, त्याच्या पैशानं नवं केलंस की ते त्याचं. म्हणून रेकॉर्डिंग स्वतः कर. वाईट झालं तरी चालेल.

एक गोष्ट मात्र तुझीही नाही, तेव्हा तिचा सौदा करायचा अधिकारही तुला नाही. ध्रुवपदातली दुसरी ओळ तू आजीच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यातून घेतलीस. गौराईच्या झोक्यावर ती ओळ पाच-पन्नास गावांतल्या बाया म्हणतात. ते गायरान आहे पोरी, तिथं कुणी कुंपण घालायचं नसतं. उद्या चॅनलनं ते अख्खं गाणं स्वतःच्या नावे चढवलं आणि शहाद्याच्या एखाद्या बाईनं आखाजीचा व्हिडिओ टाकला, तर तिच्यावर दावा येऊ शकतो. व्हिडिओ तपासणारं यंत्र नुसता आवाज जुळवतं, आजी ओळखत नाही. तेव्हा "ध्रुवपदाची एक ओळ पारंपरिक" असं सगळीकडे लिही. करारात तर लिहीच.

तू म्हणालीस, "कला सगळ्यांचीच असते नाना, हक्क काय मागायचा." हे असलं बोललं की माझं डोकं फिरतं. तुकोबांकडे काय होतं? तरी शेवटच्या ओळीत "तुका म्हणे" आहेच. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी ओव्या टिपून ठेवल्या म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी पुस्तक निघालं, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्याच काळात जात्यावर बसलेल्या बाकीच्या बाया कुठं गेल्या? त्या काय कमी सांगत होत्या?

माझंही सांगून टाकतो, कारण तुला ते कुणीतरी तिखटमीठ लावून सांगणारच. आमच्या वेळी कॅसेट होत्या. माझं एक गाणं असंच कुणी नेलं. कागद नव्हता, पावती नव्हती, गावाकडच्या माणसाकडं असलं काही मागण्याची रीतच नव्हती. कॅसेटवर माझं नाव आलं नाही. ते गाणं आजही लग्नसराईत बँडवाले वरातीपुढं वाजवतात. परवा आमच्याच गल्लीत वाजलं. नवरदेवाचा मामा मला म्हणाला, "नाना, बाजूले सरका, जुनं गानं शे, पोरे नाचतीन." सरकलो.

त्यानंतर मी एकही गाणं मालकीनं दिलं नाही. शाळेची नोकरी केली, खडू झिजवले, सुट्टीत गायलो. आमच्या धुळ्या-दोंडाईच्याकडं अजून म्हणतात, नाना हेकट, नानानं स्वतःच्या हातानं नशीब घालवलं, नाहीतर आज बंगला असता. म्हणू देत. बंगल्यात राहून दुसऱ्याच्या मालकीचं स्वतःचं गाणं ऐकायचं, यात कसलं नशीब? माझ्या वह्या माझ्या आहेत. जे गायलो ते अजून कुणालाही न विचारता गातो. बायकोनं पगारावर संसार ओढला, तिला सोन्याची पाटली करता आली नाही, हा सल आहे. पण त्याचा दोष मी माझ्या नकाराला देणार नाही. कुणी काही म्हणो.

असो. तुझ्याकडे येतो.

ऐकणाऱ्यांबद्दल बोलताना तू लाजल्यासारखी बोललीस. "दोन-अडीचशे लोक तर ऐकतात नाना." तिकडं हळदीच्या गाण्यांना कोटीत व्ह्यूज. अगं, ते दोन-अडीचशे आहेत कोण ते बघ ना! सुरतेतल्या उधन्याचा तो लूमवाला, रात्रपाळी सुटल्यावर तुला लिहितो की तिसऱ्या कडव्यातली ओळ का बदलली, आधीची बरी होती. भांडतो तो तुझ्याशी. कोटीवाल्यांशी कोण भांडायला जातं? तिथल्याच लिंबायतच्या बायांनी कानबाईच्या सणाला तुला बोलावलं, गाडीचं तिकीट काढलं. रोटाचा प्रसाद भाऊबंदकीबाहेर देत नाहीत, म्हणून तुझ्यासाठी खापरावर वेगळे मांडे केले. ही माणसं तुझी आहेत. पण गाणं विकलंस तर पुढच्या कानबाईला त्यांच्यापुढं ते गायलाही परवानगी काढावी लागू शकते. करारातली "एक्सक्लुझिव्ह" ओळ वाच एकदा.

डेट्रॉइटला रॉड्रिग्ज नावाचा एक गायक होता. १९७० आणि १९७१ साली दोन अल्बम काढले, अमेरिकेत कुणी विचारलं नाही. गडी इमारती पाडायच्या, डागडुजीच्या कामाला लागला. इकडं दक्षिण आफ्रिकेत त्याची गाणी घराघरात पोचली होती. लोकांना वाटायचं तो मेलाय! चाहत्यांनीच शोधून काढलं, १९९८ मध्ये तिथं नेऊन गायला लावलं, तेव्हा त्याला कळलं आपलं काय झालंय ते. विकल्या गेलेल्या रेकॉर्डचे पैसे त्याच्यापर्यंत पोचले नव्हते. ऐकणारे होते, गाणारा जिवंत होता, मधला कागद भलत्याच्याच हातात होता. म्हणून म्हणतो, बटाईनं दे. आणि ऐकणाऱ्यांची नावं, गावं, नंबर तुझ्या वहीत लिहून ठेव. त्या ॲपमधले फॉलोअर ॲपवाल्याचे, वहीतले तुझे.

पैशाचं म्हणशील तर तो प्रश्न खरा आहे, मी उडवून लावत नाही. स्ट्रीमिंगवर विसंबू नकोस. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं वर्षभरात १००० वेळा वाजलं नाही तर त्याचा एक पैसा निघत नाही. पण तुझ्या अडीचशेतल्या १५० जणांनी नव्या गाण्यांसाठी वर्षाला ३०० रुपये दिले तर ४५,००० होतात. त्याच्या २५,००० पेक्षा जास्त, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागता येतात. मागायची लाज वाटते ना तुला? चॅनलवाल्याला तुझं आयुष्यभराचं गाणं २५,००० ला मागताना वाटली का? आगाऊ पैसे घे, हिशोब सगळ्यांना दाखव, गाणं आधी त्यांना पाठव. सुरतेला, कल्याणला, चिंचवडला आपली माणसं आहेत, गच्चीवर सतरंजी टाकून ऐकतील. आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीची, सभासद हो, गीतकार आणि संगीतकार दोन्ही म्हणून. कंटाळवाणा फॉर्म आहे, भर.

आता चॅनलवाल्याला असं कळव. गाणं देते, पण तीन वर्षांसाठी, फक्त व्हिडिओसाठी. रेकॉर्डिंग माझं. नाव व्हिडिओत पहिल्या ओळीत, वर्णनात खाली कुठंतरी नको. रॉयल्टी निम्मी. लय, शब्द बदलायचे तर आधी मला विचारायचं. या शेवटच्या अटीवर तो चिडेल. चिडू दे. हक्क विकले तरी गाण्याची मोडतोड करून आपली अब्रू घालवली तर अडवायचा अधिकार लेखकाकडं राहतो, कलम ५७, त्याच्या वकिलाला माहीत असेल. हो म्हणाला तर माणूस कामाचा आहे, जोडून ठेव. नाही म्हणाला तर तुला तुझं उत्तर मिळालं, मला परत विचारू नकोस.

रविवारी ये. दुपारी नको, ऊन फार आहे, संध्याकाळी ये. करारपत्राची छापील प्रत आण, मोबाइलवर माझे डोळे दुखतात. गिटारही आण. उधन्याच्या त्या लूमवाल्याचं म्हणणं बरोबर आहे, तिसऱ्या कडव्यातली आधीचीच ओळ चांगली होती, आणि ती तू का बदललीस हे मला तोंडावर सांग.

तुझा,
नाना