सिक्युरिटीत जायचंय, तर आधी कर्नलशी ओळख कर

प्रश्न : सर, मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय मला मनापासून आवडतो. प्रोसेस, मेमरी, ड्रायव्हर यांत मी रमते. बाबा म्हणतात, ऑफिसांत विंडोजच चालतं, तेच शीक. वर्गातली मुलं विंडोजला हसतात, त्यांना लिनक्सशिवाय दुसरं काही दिसत नाही. मावसभाऊ म्हणतो, डेस्कटॉप संपला. सायबर सिक्युरिटीचा सहा महिन्यांचा कोर्स कर, त्यात कोडिंग फारसं लागत नाही. पुढच्या सत्राला कंपायलर आणि एथिकल हॅकिंग यांपैकी एक ऐच्छिक विषय घ्यायचा आहे. मी नेमकं काय करू?

उत्तर : मावसभावापासून सुरुवात करतो, कारण त्याचं म्हणणं सगळ्यांत सोपं वाटतं आणि सगळ्यांत जास्त फसवं आहे. सिक्युरिटीत कोडिंग न लागणारी कामं आहेत, नाही असं नाही. स्क्रीनवर येणारे अलर्ट बघून पुढे पाठवणं, ऑडिटची कागदपत्रं तयार करणं, नियम पाळले जातात की नाही ते तपासणं. या कामांत कमीपणा काही नाही. पण मेमरी आणि ड्रायव्हरमध्ये रमणारी मुलगी त्या खुर्चीवर फार काळ टिकणार नाही, एवढं मी तुझ्या पत्रावरून सांगू शकतो.

सुरक्षा आणि सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट ही दोन वेगळी खाती आहेत, हा समज आधी डोक्यातून काढ. १९ जुलै २०२४ ची घटना घे. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या फाल्कन या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक छोटं अपडेट बाहेर पडलं आणि जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकली. विमानं रद्द झाली, रुग्णालयांची कामं खोळंबली. हल्ला कुणीच केलेला नव्हता, कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

कंपनीने नंतर या चुकीचा सविस्तर खुलासा केला. तो शोधून वाच, पाठ्यपुस्तकात असा धडा मिळत नाही. धोका ओळखण्याच्या नियमांचा एक साचा होता, त्यात २१ रकाने होते. त्या साच्याला माहिती पुरवणारा कोड मात्र २० मूल्यंच देत होता. तोवरच्या नियमांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असंच असायचं, त्यामुळे तिकडे बघायची वेळच कधी आली नाही. त्या दिवशीच्या फाइलने पहिल्यांदा तिथलं खरं मूल्य मागितलं. प्रोग्रॅमने अ‍ॅरेच्या हद्दीबाहेर वाचलं, आणि तो कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, चालत असल्यामुळे एकटा प्रोग्रॅम बंद न पडता अख्खं मशीन कोसळलं. कंपनीने अपडेट साधारण सव्वा तासात मागे घेतलं. पण पडलेली मशीनं चालूच होत नव्हती, मग दुरुस्तीचं अपडेट त्यांच्यापर्यंत पोचणार कसं? कितीतरी ठिकाणी माणसाला मशीनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून ती फाइल हाताने डिलीट करावी लागली. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद असेल तर आधी रिकव्हरी की शोधा!

आता बघ, यात कोणाकोणाचं काम होतं. हद्द तपासणारा कोड लिहिणारा, चुकीचा डेटा मुद्दाम घालून बघणारा टेस्टर, अपडेट एकदम सगळ्यांना न देता आधी थोड्या मशीनवर सोडणारी यंत्रणा बांधणारा, मशीन उठतच नसेल तर ते आपोआप सावरावं यासाठी विचार करणारा. ही सगळी सुरक्षेचीच कामं आहेत आणि एकही कोडिंगशिवाय होत नाही.

इथे तू विचारशील, मुळात बाहेरच्या कंपनीचं सॉफ्टवेअर कर्नलमध्ये घुसतंच कशाला? या प्रश्नाचं अर्धं उत्तर तंत्रात आहे आणि अर्धं बाजारात, आणि तुझ्या करिअरच्या दृष्टीने मला हाच भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तंत्राची बाजू सोपी आहे. घुसखोर कर्नलपर्यंत पोचला, तर वर बसलेल्या पहारेकऱ्याला तो हवं ते दाखवू शकतो. म्हणून पहारेकरीही खाली बसवायचा.

बाजाराची बाजू अशी. ६४-बिट विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने पॅचगार्ड नावाचं संरक्षण आणलं. कर्नलच्या कोडमध्ये कुणी परस्पर फेरफार केले, तर मशीन बंद पाडायचं. सुरक्षेच्या दृष्टीने यात चूक काहीच नव्हती. पण अँटिव्हायरस कंपन्या त्याच फेरफारांवर जगत होत्या. २००६ मध्ये, व्हिस्टा बाजारात यायच्या आधी, सिमँटेक आणि मॅकअफी यांनी आरडाओरड केली. मायक्रोसॉफ्ट स्वतःही सुरक्षा उत्पादनं विकायला लागली होती, म्हणजे खेळाडूही तोच आणि पंचही तोच. शेवटी त्या कंपन्यांसाठी रीतसर एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमने सिस्टिमकडे काम मागायची ठरलेली दारं, द्यावे लागले. पुढे २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने युरोपीय आयोगाला लेखी हमी दिली, तिच्यात हेही होतं की आपली सुरक्षा उत्पादनं विंडोजचे जे एपीआय वापरतात ते इतरांनाही खुले राहतील. २०२४ मध्ये मशीनं पडल्यावर मायक्रोसॉफ्टच्या बाजूने याच हमीकडे बोट दाखवलं गेलं.

मला ते अर्धवट पटतं. हमी बरोबरीच्या वागणुकीची होती. ती पाळायचा एक मार्ग आपलं उत्पादनही कर्नलबाहेर काढणं हा होताच. अ‍ॅपलने २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनापासून सुरक्षा कंपन्यांना कर्नलबाहेरून काम करण्यासाठी वेगळी चौकट दिली आणि हळूहळू आतलं दार बंद करत नेलं. लिनक्सने ईबीपीएफ आणलं. त्यात प्रोग्रॅम कर्नलमध्येच चालतो, पण चालण्याआधी एक तपासनीस त्याची ओळ न् ओळ पारखतो. मायक्रोसॉफ्टनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलबाहेर चालावं यासाठी सोय करत असल्याचं जाहीर केलं. एपीआय कसा आखायचा या वरवर रुक्ष प्रश्नावर कोण धंदा करू शकेल आणि कोण नाही हे ठरतं. तो आखणारी, त्यातल्या फटी शोधणारी आणि जुन्या ड्रायव्हरमधला कोड नव्या चौकटीत नेऊन बसवणारी माणसं पुढची कित्येक वर्षं लागणार आहेत. तुझ्या आवडीला इथे जागा आहे.

आता विंडोज की लिनक्स. वर्गातल्या मुलांना हसू दे. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला, आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी नोंदवलेल्या निष्कर्षांत विंडोजच्या टिकून राहण्याचं कारण स्वच्छ मांडलेलं आहे. ज्यावर भरपूर सॉफ्टवेअर चालतं तीच सिस्टिम लोक घेतात, आणि ज्या सिस्टिमला भरपूर गिऱ्हाईक तिच्यासाठीच डेव्हलपर लिहितात. हे चक्र नव्या खेळाडूला भेदता येत नाही. ब्राउझरमुळे ते पुष्कळ सैल झालंय, पण कार्यालयांतलं हिशेबाचं, डिझाइनचं, यंत्रं चालवण्याचं जुनं सॉफ्टवेअर अजून त्याच चक्रात आहे. बाबांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर.

मात्र जुनं चालू ठेवायचं म्हटलं की जुन्या फटीही राहतात. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्रायने १२ मे २०१७ ला धुमाकूळ घातला, तो नेटवर्कवर फाइली वाटून घ्यायच्या एसएमबी या पद्धतीच्या जुन्या पहिल्या आवृत्तीतल्या त्रुटीवरून. तिची दुरुस्ती करणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता. जवळजवळ दोन महिने तो कितीतरी संस्थांनी लावलाच नाही, कारण लावल्यावर आपलं एखादं जुनं सॉफ्टवेअर बंद पडेल अशी भीती. हजारो मशीनवर काहीही न मोडता पॅच वेळेत पोचवणं हा स्वतंत्र पेशा आहे. त्यात झगमगाट नाही, नोकऱ्या मात्र आहेत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय लागते, त्यामुळे नवीन मशीनवर स्थलांतर करण्याचं कामही पडून आहे. ‘डेस्कटॉप संपला’ याबद्दल याहून जास्त लिहायची गरज मला वाटत नाही.

लिनक्स शिकायचंच, पण टोळीत सामील व्हायला नाही. ते शिकायचं कारण असं की कर्नलचा सगळा कोड समोर उघडा असतो. पुस्तकात शेड्यूलर, म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर कधी द्यायचा हे ठरवणारा भाग, वाचलास की त्याच संध्याकाळी खरा शेड्यूलर उघडून बघता येतो. उघडा कोड आपोआप सुरक्षित असतो, असं मात्र समजू नकोस. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या लायब्ररीत मुद्दाम ठेवलेलं चोरदार सापडलं. ते ठेवणाऱ्याने दोनेक वर्षं मदत करत करत प्रकल्पात विश्वास कमावला होता. ते शोधलं आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनीअरने. एसएसएचने, म्हणजे दुरून दुसऱ्या मशीनमध्ये शिरायच्या सोयीने, लॉगिन करायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि सीपीयू उगाच खपतोय, एवढंच त्याला खटकलं. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत तो थेट त्या लायब्ररीपर्यंत गेला. त्याच्याकडे होती प्रोफायलर आणि डिबगर, म्हणजे प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो आणि आत काय चाललंय ते दाखवणारी टूल, वापरायची सवय, आणि ती डेव्हलपरची सवय आहे. म्हणून कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रॅमचा विषय, घे. एथिकल हॅकिंगचा सत्रभराचा विषय बहुतेक वेळा तयार टूल चालवण्यापाशी थांबतो. ती टूल तू सुटीत शिकशील. लिहिलेला कोड आणि मशीन प्रत्यक्षात चालवतं तो कोड यांच्यात काय घडतं, हे मात्र सुटीत शिकून होत नाही.

भाषांचा क्रम माझ्या मते असा ठेव : आधी सी, आणि तोही पॉइंटरने, म्हणजे मेमरीतले पत्ते हाताळताना, रडकुंडीला आणेपर्यंत. मग रस्ट, ती मेमरीच्या बहुतेक चुका कंपायलरपाशीच अडवते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडे नोंद होणाऱ्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गैरवापराशी संबंधित असतात. म्हणूनच डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून लिनक्स कर्नलमध्ये रस्टला प्रवेश मिळाला, आणि विंडोजच्या कर्नलमध्येही त्याचे तुकडे येऊ लागले आहेत. थेट रस्टपासून सुरुवात केलेली मुलं कंपायलर का ओरडतोय हे समजून न घेता त्याची समजूत काढत बसतात.

या आठवड्यात करून बघायचं एक काम देतो. सीमध्ये दहा ओळींचा प्रोग्रॅम लिही : फाइल उघड, एक ओळ लिही, बंद कर. लिनक्सवर तो स्ट्रेस (strace) या, प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या विनंत्या दाखवणाऱ्या टूलखाली चालव. तू तीन गोष्टी सांगितल्यास, पण कर्नलकडे गेलेल्या विनंत्या कितीतरी जास्त दिसतील. त्या का, ते एकेक करून शोध. मग व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोजवर प्रोसेस मॉनिटर हे तसंच टूल लाव आणि एखादं जुनं सॉफ्टवेअर सुरू होताना बघ. डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार कोडच्या फाइली, शोधताना ‘नेम नॉट फाउंड’ अशा ओळींची रांग लागेल. प्रोग्रॅम आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये बघतो, तिथे नाही म्हणून पुढे जातो. आता विचार कर, त्या फोल्डरमध्ये कुणालाही लिहिता येत असेल आणि एखाद्याने नेमक्या त्याच नावाची आपली फाइल तिथे ठेवली तर? हल्ल्याचा एक अख्खा प्रकार तुला एका ओळीतून सापडेल. हे सगळं स्वतःच्या मशीनवरच. दुसऱ्याच्या सिस्टिमवर परवानगीशिवाय हात लावलास तर ‘शिकत होते’ ही सबब कायद्यापुढे चालत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात काम देणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि पहिली नोकरी तिथेच मिळेल अशी आशा धरू नकोस. वेब डेव्हलपमेंट करणाऱ्या मैत्रिणीला तुझ्याआधी ऑफर येईल, तेव्हा घरात तुलना होईल, ती सोसावी लागेल. पण गाभ्याच्या भोवतीचं वर्तुळ मोठं आहे : ड्रायव्हर, फर्मवेअर, ब्राउझर, व्हर्च्युअलायझेशन, सुरक्षा एजंट, गेममधली फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर. सगळीकडे हेच ज्ञान लागतं आणि ते असलेले उमेदवार कमी असतात.

तिसऱ्या वर्षाच्या इंटर्नशिपसाठी अर्ज करशील, तेव्हा ‘विंडोज व लिनक्सचं ज्ञान’ अशी ओळ घालू नकोस, ती सगळेच घालतात. वाइनसारख्या खुल्या प्रकल्पात एखादी छोटी दुरुस्ती कर. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा हा प्रकल्प असल्यामुळे दोन्ही बाजू आपोआप शिकशील. पहिला पॅच नाकारला जाण्याची शक्यता बरीच आहे. नाकारताना दिलेली कारणं वाच, सुधारून परत पाठव, आणि तो स्वीकारला गेला की त्या चर्चेची लिंक अर्जात सगळ्यांत वर ठेव.